बेंच किती मारतोस?

जिममध्ये नाव विचारायच्या आधी लोक ‘बेंच किती मारतोस?’ असं विचारतात. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट हे खरं तर जास्त कसाचे प्रकार, पण मान बेंच प्रेसला. बाकावर उताणं झोपायचं, रॉड छातीला टेकवायचा आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा. एवढ्या साध्या गोष्टीवर पोरांची पत ठरते.

माझं वजन ५४ किलो आणि मी ८० किलो मारतो. हे मी दोन प्रकारे सांगू शकतो. ‘ऐंशी’ म्हटलं की समोरचा ‘होईल रे, वाढेल हळूहळू’ अशा नजरेने बघतो. ‘बॉडीवेटच्या जवळजवळ दीडपट’ म्हटलं की तोच माणूस मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळतो. रॉड तोच, प्लेटा त्याच. मधल्या काळात मी फक्त एक भागाकार केलेला असतो. हा भागाकार करायचा मला हक्क आहे का, हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षं माझ्या डोक्यात आहे. वाटतो त्यापेक्षा तो बराच लांबचा आहे.

आधी भागाकाराबद्दलच. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते, हे आपण शाळेत ऐकतो आणि बारक्या पोरांना ते पुढे आयुष्यभर पुरतं. पण त्यात मुंगीचं कर्तृत्व फार नाही. एखादं शरीर लांबी, रुंदी, उंची असं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर त्याचं वजन आठपट होतं. स्नायूचा छेद मात्र चौपटच होतो, आणि ताकद मुख्यतः त्या छेदावर ठरते. गॅलिलिओने १६३८ मध्ये हाडांबद्दल हेच मांडलं होतं. शरीर मोठं होत जातं तसं ते स्वतःच्याच वजनाच्या मानाने कमजोर होत जातं. १९५६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एम. एच. लिट्झके यांनी वेटलिफ्टिंगमधले विक्रम आणि वजनगट यांचा मेळ घालून पाहिला. उचललेलं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश घाताने वाढतं, असं त्यात निघालं. भूमितीवरून जे यायला हवं, तेच.

हे माझ्यावर लावून बघू. मी ५४ किलोचा, ८० मारणारा. माझ्यासारखीच ठेवण असलेला, माझ्याइतकाच कसलेला ९० किलोचा माणूस या हिशोबाने ११२.५ किलो मारेल. म्हणजे त्याच्या वजनाच्या सव्वापट. मी ‘दीडपट’ म्हणून मिरवतो तेव्हा त्या माणसाने माझ्या बरोबरीला येण्यासाठी १३३ किलो मारावेत असं मी गुपचूप ठरवलेलं असतं. वरचे वीस किलो मला माझ्या बारीकपणाने फुकट दिलेले असतात. नुसते किलो मोजले तर मोठ्या शरीराला झुकतं माप मिळतं, आणि पटीत मोजलं तर लहान शरीराला. मला दुसरं माप आवडतं, हा काही योगायोग नाही.

ताकदीच्या खेळांनी या दोन्हींच्या मधली वाट शोधली आहे. पॉवरलिफ्टिंगमध्ये वेगवेगळ्या वजनगटांतून सर्वोत्तम खेळाडू निवडायचा तर एक सूत्र लागतं. ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट विल्क्स यांच्या नावाचं सूत्र आंतरराष्ट्रीय महासंघाने बरीच वर्षं वापरलं. २०१९ मध्ये त्याच्या जागी दुसरं आणलं आणि २०२० मध्ये तेही बदललं. हे वाचून मी आधी हसलो. न्याय दर वर्षी बदलतो की काय! पण सूत्र कसं बनतं ते पाहिलं की हसू ओसरतं. खऱ्या स्पर्धांचे आकडे घ्यायचे, कुठल्या वजनाचे लोक साधारण किती उचलतात याची वक्ररेषा काढायची आणि त्या रेषेपासून तुम्ही किती वर आहात ते मोजायचं. सूत्र तुमची तुलना तुमच्यासारख्यांशी करतं. ‘तुमच्यासारखे’ म्हणजे कोण, हे मात्र सूत्राला आधी कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते गणिताने ठरत नाही.

२०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा आठवा. हरयाणाच्या सुधीरने पॅरा पॉवरलिफ्टिंगच्या हेवीवेट गटात सुवर्णपदक जिंकलं. पॅरा पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो. पाय बाकावरच सरळ ठेवायचे, त्यामुळे जमिनीला पाय रेटून जोर घेता येत नाही. वेगवेगळ्या वजनाचे खेळाडू एकाच गटात असल्याने निकाल किलोवर लागणार नव्हता, गुणांवर लागणार होता. सुधीरने २१२ किलो उचलले, गुण १३४.५. रौप्यपदक मिळवणाऱ्या नायजेरियाच्या खेळाडूने १९७ किलो उचलले, गुण १३३.६. बारवर पंधरा किलोंचा फरक, गुणांमध्ये एकाहून कमी. नायजेरियाचा खेळाडू शरीराने हलका, म्हणून त्याच्या किलोला जास्त भाव. हलक्या माणसाने आणखी दोन-चार किलो मारले असते तर सुवर्ण त्याचं झालं असतं, आणि आपल्याकडे ‘२१२ उचलूनही हरला? हा कसला न्याय!’ म्हणून गदारोळ झाला असता. आपण जिंकलो, म्हणून सूत्राबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

याच खेळात इजिप्तच्या शरीफ ओस्मानने २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये ५९ किलो गटात २११ किलो मारले. साडेतीनपटीच्या वर. आता ज्युलियस मॅडॉक्स हा अमेरिकन बघा. त्याने २०२१ मध्ये ३५५ किलो मारले, स्वतःचं वजन दोनशेच्या आसपास. पावणेदोनपटीच्या थोडं पुढे. लिट्झके यांचा घात लावला तरी ओस्मान बराच पुढे राहतो. पण तुलना इथेच अडते. पोलिओमुळे ज्याचे पाय बारीक राहिले, त्याच्या ५९ किलोंतले जास्त किलो छाती-खांद्यात असतात. वजनकाट्याला हे कळत नाही. पॅरा पॉवरलिफ्टिंगचे नियम अवयव गमावलेल्या खेळाडूच्या वजनात ठरावीक भर घालतात, म्हणजे नसलेल्या पायाचंही वजन धरतात. पण पाय आहे आणि नुसता बारीक आहे, त्याचं काय? कुठला अभाव मोजायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे माणसांनीच बसून ठरवलेलं असतं.

सगळ्यात मजेशीर भाग हातांचा. बेंच प्रेसमध्ये आखूड हात हे वरदान आहे, कारण रॉडला अंतरच कमी कापावं लागतं. लांब हाताच्या माणसाला तेच वजन जास्त उंच ढकलावं लागतं. तरी हाताच्या लांबीचे गट नाहीत, वजनाचे आहेत. जॉन रॉल्स ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या १९७१ च्या ग्रंथात मांडतो की जन्मतः वाट्याला आलेल्या क्षमता कुणी कमावलेल्या नसतात, त्यामुळे त्यांच्या वाटपाला नैतिक आधार नाही. हे इथे लावलं तर निकाल उलटाच यायला हवा. वजन खाऊन-पिऊन बदलता येतं; स्पर्धेच्या आधी पाणी तोडून दोन-तीन किलो उतरवणारी पोरं मी पाहिली आहेत. हाताचं हाड कुणाला बदलता येत नाही. आपण बदलता येणाऱ्या गोष्टीला सूट देतो आणि न बदलता येणारीला म्हणतो, ‘तुझं नशीब.’

यावर महासंघ पूर्ण गप्प राहिला असंही नाही. काही लवचीक लिफ्टर, विशेषतः हलक्या गटातल्या मुली, पाठीची इतकी कमान करायच्या की रॉड जेमतेम काही बोटं हलायचा. २०२३ पासून नियम आला: रॉड खाली येईल तेव्हा कोपराची खालची बाजू खांद्याच्या वरच्या पातळीपर्यंत किंवा त्याखाली आलीच पाहिजे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो नियम अर्धाच पटतो. ती कमान वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेली होती. आखूड हात कुणी कमावत नाही. कमावलेल्या फायद्यावर बंदी आणि आयत्या मिळालेल्यावर नाही, असं झालं. कारण काय? कमान बघणाऱ्याला ‘चीटिंग’ वाटते, आखूड हात वाटत नाहीत. बघणाऱ्याचं वाटणं हाही नियमाचा पाया असतो, आणि असूही द्यावा; प्रेक्षकांना पटत नसलेला खेळ कोण खेळणार? फक्त त्याला न्याय म्हणताना जरा थांबावं.

तरीही मी वजनगटांच्या बाजूचा आहे. खाशाबा जाधवांचं नाव घेतलं की पुरे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ मध्ये लंडनला फ्लायवेट गटात खेळला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात, कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. गट नसते तर खाशाबांसमोर शंभर किलोचा मल्ल उभा राहिला असता आणि त्यांच्या चपळाईबद्दल, डावांबद्दल जगाला काहीच कळलं नसतं. गटांमुळे खाशाबा मोठे झाले नाहीत. होते तसे दिसले. हलक्या माणसाला भागाकाराचा हक्क आहे तो एवढ्यापुरता: त्याच्यातलं जे वजनाखाली झाकलं जातं, ते दिसावं म्हणून.

पण हा हक्क जिमच्या दाराबाहेर चालत नाही. पोलीस भरतीचं मैदान बघा. मुलांच्या गोळाफेकीत गोळा ७.२६० किलोचाच. तो फेकणारा बावन्न किलोचा असो की नव्वदचा, गोळा बदलत नाही आणि अंतराला सूत्र लावलं जात नाही. हा अन्याय आहे का? ‘पळणारा चोर तुझं वजन विचारून थांबणार आहे का?’ असं एका मित्राने मला ऐकवलं, आणि त्यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. पुरात अडकलेल्या माणसाला बाहेर काढताना ‘मी माझ्या वजनाच्या मानाने उत्तम ओढलं’ असं म्हणून भागत नाही. तिथे प्रश्न ओझ्याचा असतो: ते हललं की नाही? स्पर्धेत प्रश्न माणसाचा असतो: त्याने स्वतःतून किती काढलं? दोन्ही प्रश्न खरे आहेत. गडबड होते ती एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यावर. गोळा जवळ पडला म्हणून पोरगा ‘कमी मेहनती’ ठरतो, किंवा दीडपट मारतो म्हणून मी स्वतःला ९० किलोवाल्यापेक्षा ‘ताकदवान’ समजायला लागतो.

एका जागी मात्र दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारायला हवे होते, आणि फार काळ एकच विचारला गेला. माझे आबा भुसार बाजारात हमाली करायचे. अंगाने माझ्याएवढेच. त्यांच्या उमेदीच्या काळात पोतं शंभर किलोचं. एकदा जिमच्या नादात मी त्यांना विचारलं, ‘‘आबा, तेव्हा तुमचं वजन किती होतं?’’

‘‘माझं कोण करतंय वजन?’’ आबा म्हणाले. ‘‘वजन पोत्याचं व्हायचं. मजुरी त्यावर.’’

मी मनातल्या मनात भागाकार केला. दुपटीच्या आसपास. तेही एक ‘रेप’ नाही. दिवसभर, ट्रकपासून वखारीपर्यंत, पाठीवर. हा आकडा त्यांना सांगितल्यावर त्यांना काही विशेष वाटलं नाही. ‘‘सगळेच उचलायचे की,’’ एवढंच म्हणाले. त्यांना कौतुक नको होतं. त्यांना आठवत होती ती कंबर.

इथे वजनगट पाडून काय करणार? हलक्या हमालाला जास्त गुण द्यायचे? १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने माणसाने वाहायच्या कमाल वजनाबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा धरला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला. पोतं शंभरवरून पन्नासवर यावं म्हणून हमाल पंचायतीला आणि माथाडी संघटनांना पुढे वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्या झगड्यात कुणी हमालाची ताकद मोजा असं म्हटलं नव्हतं. पोतं छोटं शिवा, असं म्हटलं होतं.