तड्याचं टोक

मोटारसायकलच्या पुढच्या काचेला डाव्या स्क्रूपासून बोटभर तडा गेला होता. दगड लागला नव्हता, गाडीही कुठे पडली नव्हती. गॅरेजवाल्या काकांनी काचेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "स्क्रू कुणी आवळला?" मीच आवळला होता. खंबाटकी घाटात काच खडखडत होती, म्हणून घरी आल्यावर तो एक स्क्रू जोर लावून पिळला. काका म्हणाले, "अहो, हिला हलायला जागा लागते. उन्हात वाढते ती." आपण काच म्हणतो, पण माझी होती अ‍ॅक्रिलिकची. उन्हाने अ‍ॅक्रिलिक साध्या काचेच्या सात-आठ पट पसरतं. म्हणून त्याचं भोक स्क्रूपेक्षा जरा मोठं ठेवतात आणि मध्ये रबरी वायसर घालतात. मी ती जागाच बुजवून टाकली होती.

मग काकांनी तड्याचं टोक शोधलं. ते पटकन दिसत नाही. मागे काळं फडकं धरून काच उजेडाकडे तिरकी केली, तेव्हा केसासारखी रेघ जिथे संपत होती ती जागा चमकली. तिथे मार्करने ठिपका दिला. मागे लाकडाची फळी लावली आणि तीन मिलिमीटरच्या बिटने, थांबत थांबत, भोक पाडलं. आधीच तडकलेल्या काचेला आणखी भोक! माझा जीव खालीवर होत होता. पण तडा थांबवायची ही जुनी रीत आहे. त्यामागचं गणित केंब्रिजच्या चार्ल्स इंग्लिस यांनी 1913 साली जहाजबांधणी करणाऱ्यांपुढे मांडलं होतं. तड्याचं टोक जितकं अणकुचीदार, तितका ताण तिथे गोळा होतो आणि तडा पुढे सरकतो. तेच टोक गोल केलं की ताण सगळ्या कडेवर वाटला जातो. "तडा खाली कोपऱ्यात आहे म्हणून हे चालतंय," काका म्हणाले, "डोळ्यांसमोर आला असता, तर नवी काचच घालायला लावली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. बायकोची पोळी तव्यावर होती. मुलगी तिला टाय कुठे आहे विचारत होती. आई तिलाच रक्तदाबाची गोळी मागत होती. आणि मीही तिलाच म्हणणार होतो, "डबा झाला का गं?" कुणाच्याही मनात वावगं काही नव्हतं. तिला सगळं ठाऊक असतं, म्हणून सगळे तिलाच विचारतात. घर खडखडू नये म्हणून आपण रोज तोच एक स्क्रू आवळत असतो. आणि मग कधीतरी ती साध्याशा बोलण्यावर चिडते, तेव्हा आपल्याला नवल वाटतं, एवढं काय झालं! सगळा ताण गोळा होतो ते टोक तुमच्या घरी कदाचित वडील असतील, किंवा ऑफिसात सगळ्यात आधी येणारा, कुणालाच नाही न म्हणणारा एखादा सहकारी. पटकन दिसत नाही हे खरं. जरा तिरकं होऊन, उजेडात बघावं लागतं. पण एकदा दिसलं की करायचं असतं ते अगदी थोडं असतं, तीन मिलिमीटरएवढं.

मी डब्याचं विचारलं नाही. कपाटातून गोळी काढून आईला पाण्याबरोबर दिली. टाय कालपासून दप्तरातच होता. पाण्याच्या बाटल्या भरल्या, माझा डबा मीच भरून झाकण लावलं. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील. बायकोने मागे वळून पाहिलं नाही. तव्यावरची पोळी टम्म फुगेपर्यंत ती तिच्याकडे बघत शांतपणे उभी राहिली.