बिननावाची क्लिप

नेरूळ, फेब्रुवारी 2026

चि. भाचेरावांस,


महापालिकेचा निकाल लागला, गुलाल धुऊन गेला, तरी तू आणि शेजारच्या विंगमधला तुझा बालमित्र एकमेकांना टाळता, असं ताईकडून कळलं. तू एका पॅनलसाठी रील करत होतास, तो समोरच्या पॅनलसाठी फिरत होता. पक्षांची नावं लिहीत नाही, दोन्हीकडे तेच चाललं होतं. पण नुसत्या प्रचारावरून अबोला कोण धरतो? धरला तो त्या क्लिपवरून. मी ती पाहिली, मूळ भाषणही ऐकलं. पाण्याबद्दल विरोधक काय म्हणतात ते समोरच्या पॅनलच्या उमेदवार बाई सांगत होत्या. तू 'विरोधक म्हणतात' एवढंच कापलंस आणि ते बोलणं त्यांच्याच तोंडी बसवलंस. वर त्यांच्या नवऱ्याच्या पिण्यावर एक ओळ. नवरा उभा होता का निवडणुकीला?

तुझं म्हणणं, मामा, हल्ली असंच चालतं, अमेरिकेतसुद्धा. चालतं ना. 1964 साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सनच्या माणसांनी टीव्हीवरच्या जाहिरातीत फुलाच्या पाकळ्या मोजणारी एक पोरगी दाखवली आणि मागून अणुबॉम्ब फोडला. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटरचं नावही न घेता त्याला भयंकर ठरवून टाकलं. पण त्याच देशात 2002 साली कायदा झाला, की राष्ट्राध्यक्षपदाच्या किंवा संसदेच्या उमेदवाराला टीव्ही-रेडिओवरच्या आपल्या जाहिरातीत स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं, ही मला मान्य आहे म्हणून. त्याने तिथली चिखलफेक थांबली नाही, उलट वाढली. निदान चिखल कोणाचा ते तरी कळतं. आपल्याकडेही लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 127अ कलमानुसार प्रचारपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापावं लागतं. तुझ्या पेजवर कोणाचं नाव होतं?

आता आपल्या नवी मुंबईचं राजकारण बघ. गणेश नाईक 1995 च्या युती सरकारात शिवसेनेचे मंत्री होते, 1999 मध्ये राष्ट्रवादीत गेले, 2019 मध्ये भाजपत. 2024 च्या विधानसभेला ते ऐरोलीतून कमळावर लढत होते आणि मुलगा संदीप बेलापुरात शरद पवारांच्या पक्षाची तुतारी घेऊन भाजपच्याच मंदा म्हात्रेंसमोर उभा होता. म्हात्रेबाई 377 मतांनी आल्या. म्हणजे एकाच घराशी बांधलेल्या कार्यकर्त्याने मतदारसंघाची हद्द ओलांडली की घोषणा बदलायची! पुढे संदीप नाईक भाजपत परतले. आणि यंदा जानेवारीत राज्याच्या मंत्रिमंडळात शेजारी बसणारे भाजप आणि शिंदेंची शिवसेना इथे समोरासमोर. नेते एकमेकांवर काय काय बोलले ते तू ऐकलंस. पण सरकार पडलं का? मंत्री उद्याही एका टेबलावर चहा घेतील. तुम्हा पोरांचं मात्र जिन्यात बोलणं बंद. मला राग त्याचा येतो.

पूर्वीचे लोक सोज्वळ होते असं मात्र समजू नकोस. बाळासाहेब ठाकरे भर सभेत शरद पवारांना मैद्याचं पोतं म्हणायचे आणि मैदान हसायचं. पण 2006 मध्ये पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा याच बाळासाहेबांनी उमेदवार दिला नाही, त्या बिनविरोध गेल्या. ते 'पोतं'सुद्धा मला फारसं आवडलेलं नाही, पण ते तोंडावर होतं, आपल्या नावाने होतं, आणि त्यात कोणाच्या बायकापोरांना ओढलेलं नव्हतं.

टीका करू नकोस असं मी म्हणत नाही. झोडपून काढ. विषय कमी आहेत का? शेजारची 14 गावं नवी मुंबईत घ्यायची की नाही, यावर भाजप आणि शिंदेंच्या शिवसेनेचं खरंखुरं वाकडं होतं. गणेश नाईकांचं म्हणणं, खर्चाचा बोजा इथल्या करदात्यांवर का? गावकऱ्यांचं म्हणणं, आम्ही किती वर्षं रस्त्या-पाण्यावाचून काढायची? यावर तू एक तरी रील केलंस? मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचं, तरी काही नोडमध्ये पाण्याची ओरड का, गावठाणातली गरजेपोटी बांधलेली घरं अजून कागदावर का अडकली, सिडकोच्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात भाडं कोण देणार, यावर समोरच्याला घाम फोडता आला असता. आचारसंहितेतही तेच आहे: टीका धोरणावर, कार्यक्रमावर, केलेल्या कामावर, खाजगी आयुष्यावर नाही. तेवढं कलम वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि हो, या खेपेला बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे होते. एकाच मतदाराने तुमच्या पॅनलचे दोन आणि त्यांचे दोन निवडले, असंही होऊ शकतं. त्याच्या लेखी ते सगळे आपलेच नगरसेवक. तू त्यातल्या दोघांना चोर ठरवून बसलास.

तेव्हा दोन कामं कर. ती क्लिप उतरव, त्याच पेजवर बाईंचं पूर्ण भाषण टाक आणि खाली तुझं नाव लिही. मग मित्राच्या दारात जा. फोन नको, मेसेज तर अजिबात नको. तो काही बोलला तर ऐकून घे. पुढच्या निवडणुकीत कोणी असलं रील मागितलं, तर एकच अट घाल: सुरुवातीला उमेदवाराने स्वतः येऊन सांगायचं, हे मी करून घेतलंय. तयार नसेल, तर पैसे परत करून घरी ये.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा