इकडील सर्व क्षेम

पोस्टमनच्या नोकरीत मी ३८ वर्षं काढली, आणि त्यातली निम्मी तरी सानगडीत व आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन खोटं वाटण्यात गेली. सायकलवरून, खाकी कपड्यांत, सरकारी पगारावर. थांबा, लगेच तक्रारअर्ज लिहायला बसू नका. खातं बिचारं प्रामाणिक होतं. पत्ता बिनचूक, मनिऑर्डर मोजून, पोचपावती सहीनिशी. खोटं असे ते आतल्या मजकुरात. 'इकडील सर्व क्षेम आहे' असं ज्या आंतरदेशीय पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं, ते पुढे खरं ठरलेलं तुम्ही कधी पाहिलं आहे काय? जिथे खरोखर सगळं क्षेम असतं, तिथला माणूस पत्र लिहायला बसतच नाही. तो जेवून झोपतो.

या मालाचे सर्वांत मोठे घाऊक व्यापारी म्हणजे फौजेतले जवान. त्यांचा पत्ताही मोठा मजेदार. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली 'मार्फत ५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.'. ५६ ची थैली जायची दिल्लीला, ९९ ची कलकत्त्याला; तिथून पुढे लडाख की राजस्थान, आसाम की नागालँड, ते लष्कराचं टपालखातं जाणे आणि तो जवान जाणे. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचा समज होता की छप्पन हे एक गाव आहे. पत्र हातात घेऊन ती मला विचारायची, "छप्पनले लय थंडी असन का जी?" मी म्हणायचो, असेल. नाही म्हणायला माझ्याकडे तरी काय पुरावा होता?

त्या काळी निम्म्या घरांतून वाचणारं माणूस नसे. म्हणून पत्र पोचवणं, वाचून दाखवणं आणि उत्तर लिहून देणं, अशी तिन्ही खाती माझ्याकडे होती. पहिल्याचा पगार सरकार देई, उरलेल्या दोहोंचा चहा मिळे. एकदा एका जवानाची बायको मजकूर सांगू लागली, "लिवा, म्हैस मजेत हाय. दूध देते." मी मान वर करून गोठ्याकडे पाहिलं. गोठ्यात खुंटा होता, म्हैस नव्हती. सासऱ्याच्या ऑपरेशनसाठी ती महिन्यापूर्वीच विकली होती. मी काही बोलणार तेवढ्यात बाई म्हणाली, "तुमी लिवा." मी लिहिलं. त्याच दिवशी तिच्या नवऱ्याचंही पत्र आलं होतं. तो लिहीत होता, 'इथे शांतता आहे. संध्याकाळी समुद्रावर फिरतो.' आदल्याच रात्री आकाशवाणीच्या बातम्यांत तिने त्या भागात चकमक झाल्याचं ऐकलं होतं. म्हणजे नवऱ्याचं खोटं सानगडीला आलं आणि बायकोचं खोटं त्याच थैलीतून उलट निघालं. दोघंही वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. रामराम तरी केला असेल.

हा जवान पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाला. दरवर्षी जानेवारीत त्याच्या वाड्यात त्याच्या पलटणीतल्या जुन्या सोबत्यांचा सपत्नीक मेळावा भरतो. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस; फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्या दिवशी निवृत्त झाले. त्याच्या आगेमागे जो शनिवार-रविवार येईल तो धरायचा. धान घरात आलेलं असतं, थंडी असते, तलावाचे मासे मिळतात, वांग्याची भाजी आणि पानगे होतात, शेकोटीवर तुरीच्या शेंगा भाजायला येतात. साकोलीहून एकेक जोडपं उतरतं. रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून गावच्या टेकडीवरचा सहानगड सर करायचा, असा नेम आहे. पूर्वी तो अर्ध्या तासात सर होई. आता गुडघे शत्रूला फितूर झाल्यामुळे मोहीम लांबते.

मला फौजेचा वाराही लागलेला नाही. पण टपालाच्या जुन्या सेवेमुळे मला आमंत्रण असतं. या मंडळींच्या पराक्रमाची नव्हे, तरी पत्रांची सगळी माहिती मला आहे, आणि ती मी कुठे बोलत नाही.

ही सगळी श्रीलंकेला गेलेली माणसं. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, आणि २९ जुलैला करार होऊन आपली शांतिसेना लंकेला निघाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, हे गावातल्या म्हाताऱ्यांना पटवणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. "पूल बांधला का बोटीनं गेले?" असं मला एकाने गंभीरपणे विचारलं होतं.

शनिवारी रात्री शेकोटीभोवती युद्धकथा सुरू होतात. सुभेदारसाहेबांची एक कथा आहे. ताडाच्या बनात ते एकटे अडकले आणि अंगावरून गोळ्या गेल्या. किती गेल्या, हा आकडा महागाई भत्त्याप्रमाणे वाढतो. १९९५ साली तीन होत्या. 'वन रँक वन पेन्शन' मंजूर झाली त्या वर्षी त्या नऊवर गेल्या. नाईक ड्रायव्हर होता. त्याच्या कथेतला खड्डा आता विहिरीएवढा झाला आहे. सर्वांत घनघोर लढाया लांगऱ्याच्या. बारा महिने पलटणीचा स्वयंपाक करणाऱ्या या गृहस्थाने इतके शत्रू केव्हा मारले आणि त्या वेळी डाळ कोण ढवळत होतं, हे कोडं आहे. निवृत्तीनंतर मात्र तो चुलीजवळ फिरकलेला नाही. "बारा वर्षं शेगडी पाहिली," असं म्हणतो आणि बायकोने केलेलं खातो.

बायकांना या कथा पाठ आहेत. झाडीपट्टीच्या नाटकात नट अडला की पडद्याआडून वाक्य येतं, तशी या पुरवणी करतात. "मंग तुमी जमिनीवर पडले न जी?" अशी आठवण करून देतात, आणि सुभेदार लगेच जमिनीवर पडतात. कोणी कोणाला खोटं ठरवत नाही. इथे माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो: मित्राच्या थापेला मान डोलावणं हे खोटेपण म्हणायचं की इमान?

हा प्रश्न लहान नाही. माझ्या मुलीने बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. तिची पुस्तकं रद्दीत जाऊ नयेत म्हणून मी वाचली. त्यात कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ आहे. १७९७ साली त्याने लिहून ठेवलं की खोटं कधीच बोलू नये. खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारत असला, तरीही बोलू नये. माणूस थोर होता. पण त्याने जन्मभर लग्न केलं नाही, त्यामुळे "भाजी कशी झाली?" हा प्रश्न त्याला कधी घरात विचारला गेला नाही. व्यासांना संसार जास्त कळत होता. द्रोणवधाच्या वेळी अर्धसत्य बोलल्यामुळे जमिनीपासून चार बोटं वर चालणारा युधिष्ठिराचा रथ खाली टेकला, हे त्यांनीच सांगितलं. आणि कर्णपर्वात कृष्णाकडून कौशिक ब्राह्मणाची गोष्टही त्यांनीच सांगवली. हा कौशिक इतका सत्यवचनी, की लपलेल्या माणसांची वाट त्याने दरोडेखोरांना खरी खरी दाखवली. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे खोटं बोललात तर रथ खाली, खरं बोललात तर तुम्ही खाली. दोन्हीकडून पावती फाडलेली.

थापांच्या बाबतीत मी माझ्यापुरता निकाल लावला आहे. १९७१ च्या लढाईची गोष्ट सांगायला अख्खा देश आहे. १६ डिसेंबर, ढाका, ९३ हजार युद्धकैदी, हे शाळकरी पोरही सांगतं. लंकेची गोष्ट कोण सांगतो? सुमारे बाराशे जवान तिथे कामी आले. मुंबईत जन्मलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीत पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या मोहिमेतलं ते एकमेव. किती जणांना हे नाव ठाऊक आहे? मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरात उतरल्या, तेव्हा तामिळनाडूचे त्या वेळचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नव्हते. ज्यांच्या गोष्टीला देशाने श्रोता दिला नाही, त्यांनी शेकोटीभोवती चार गोळ्या वाढवून घेतल्या तर मी कोण हिशेब मागणारा? शिवाय तिथे कोणी फसत नाही. फसणारा कोणी नसेल तर ते खोटं कसलं? ते नाटक.

पण सगळं इतकं सोपं नाही. या मेळाव्याला एक बाई एकट्या येतात.

त्यांचे यजमान १९८७ च्या ऑक्टोबरात जाफन्याकडे गेले. त्याची तार मीच नेली होती. तारेत खोटं नसे. तिथे शब्दागणिक पैसे पडत आणि खोट्याला ऐसपैस जागा लागते. पुढच्या वर्षी हवालदार सुट्टीवर आला तो आधी या घरी गेला. मी ओट्यावर बसलो होतो. खाली मान घालून तो म्हणाला, "वहिनी, काही त्रास झाला नाही. क्षणात गेला." बाई काही बोलल्या नाहीत. मग निघताना, चप्पल घालता घालता तो म्हणाला, "पोरीला शिकव, एवढं सांग म्हणाला." पोर तेव्हा तीन वर्षांची होती. बाईंनी ती शिकवली. धानाच्या बांधीत राबून, पेन्शनचा पैसा पैसा जपून. आज ती एका इस्पितळात सिस्टर आहे.

यंदाच्या जानेवारीत हवालदाराची तब्येत बरी नव्हती. छातीवर मोठं ऑपरेशन झालेलं. शनिवारी रात्री लढाया संपल्या, शेकोटी विझत आली आणि तो एकदम म्हणाला, "वहिनी, एक गोष्ट इतकी वर्षं सांगायची राहिली. त्या दिवशी खरं म्हणजे..."

बाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी."

"नाही, मला सांगू द्या."

"तुमी तवा दोन गोष्टी सांगतल्या. एक, थे क्षणात गेले. दुसरी, पोरीले शिकव म्हनून सांगून गेले. क्षणात गेलेला मानूस निरोप कवा देईन जी? मी अडानी हाय, पन तेवढं समजते. दोनातली एक खोटी हाय. कोनती थे म्या तवाच इचारू शकली असती. नाही इचारलं. आता कायले सांगता?"

कोणी काही बोललं नाही. सुभेदारांना पुरवणी जोडायला काही सुचलं नाही. लांगरी उठला, आत गेला, आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी चहा करून घेऊन आला. बाईंनी सोललेल्या दाण्यांची ताटली हवालदाराकडे सरकवली.

मला रात्रभर झोप आली नाही. निरोप खरा असेल, तर तो माणूस तळमळत गेला. तो क्षणात गेला असेल, तर निरोप हवालदाराच्या पदरचा, आणि एका मुलीचं सगळं शिक्षण चप्पल घालता घालता सुचलेल्या वाक्यावर उभं आहे. बाईंनी हा हिशेब त्याच दिवशी केला होता आणि मुद्दाम सोडवला नव्हता. रात्री झोप लागायला त्यांना पहिलं वाक्य लागे, पहाटे उठून बांधीवर जायला दुसरं. दोन्ही ठेवली. म्हणजे हवालदाराने त्यांना फसवलं, असं म्हणता येत नाही. त्याच्या खोट्याला कडी नव्हती. दार नुसतं लोटलेलं होतं. ज्याला आत जायचं त्याने केव्हाही जावं. आमच्या टपालातलं 'सर्व क्षेम' असंच असे. गोठ्यातला रिकामा खुंटा सुट्टीवर आल्यावर दिसणारच असतो. ज्या खोट्याला बाहेरून कुलूप घालून किल्ली बोलणाराच खिशात ठेवतो, त्याची जात वेगळी. त्याच्याबद्दल कांटचं म्हणणं मला मान्य आहे.

पण हवालदाराचं काय? खरं बोलणं नेहमी ऐकणाऱ्याच्याच भल्याचं असतं असं नाही. कधी कधी बोलणाऱ्याला ओझं उतरवायचं असतं. इतकी वर्षं वाहिलेलं ओझं त्या माणसाने मरणाच्या भीतीने खाली ठेवायला घेतलं आणि बाईंनी ठेवू दिलं नाही. त्यांना तसा हक्क होता, हे मी मानतो. त्यालाही हक्क होता, हेही मानतो. या ठिकाणी व्यास आणि मुलीचं पुस्तक दोघंही मला उपयोगी पडले नाहीत.

रविवारी गडावर चढताना हवालदार अर्ध्यावर दमून एका दगडावर बसला. बाई त्याच्या शेजारी बसल्या. बाकीचे पुढे गेले. तो बराच वेळ बोलत होता, मग त्या बोलत होत्या. एकदा त्याने डोळे पुसले असं मला वाटलं. ऊनही तोंडावर होतं. मी चार पावलं खाली होतो, पण थांबलो नाही, बाजूने वर गेलो. दुसऱ्याचं बंद पाकीट उघडायचं नाही, ही सवय ३८ वर्षांची आहे.

वर पोचल्यावर सुभेदारांनी कुणाच्या तरी नातवाला ताडाच्या बनातली गोष्ट सांगायला घेतली. यंदा गोळ्या चौदा होत्या. तेवढ्यात बाई चढून आल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "मांगच्या साली बारा होत्या न जी?"