देह ही दत्तगुरूंची ठेव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा अवधूताला त्याचे गुरू विचारतो, आणि अवधूत चोवीस गुरू सांगतो. त्यांत सूर्य आहे, तसा मासाही आहे. मासा गळाला लागतो तो जिभेपायी. आपण ही कथा दरवर्षी ऐकतो, मान डोलावतो आणि पंगतीत पुन्हा वाढून घेतो!

माझी उभी नोकरी बँकेत गेली, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. आठ टक्के चक्रवाढ व्याजाने रक्कम साधारण ९ वर्षांत दुप्पट होते. पहिल्या वर्षी फरक डोळ्यांत भरत नाही. सवयींचंही तसंच. वर्षाला एक किलो वजन वाढलं तर कोणाच्या लक्षात येतं? पण तिशीपासून पंचावन्नपर्यंत तेच २५ किलो होतात. मग गुडघे, रक्तदाब, साखर अशी वसुली सुरू होते.

चांगल्या सवयीचं खातंही असंच वाढतं. औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा नेम वर्षानुवर्षं चालवला, संस्थानातल्या शाळांतही तो सुरू केला. वयाच्या सत्तरीत, १९३८ साली, त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि त्याच संस्थानातलं आटपाडी सांगली जिल्ह्यात. म्हणजे हा वारसा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा. राजाला वैद्यांची काय कमी? पण नमस्कार स्वतःच घालावे लागतात, ते नोकराकडून होत नाहीत.

आता आपल्या घरचं बघू. गुरुवारचा उपवास म्हणायचा आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर गोड चहा. साबुदाणा म्हणजे बहुतेक सगळा पिष्टच, त्याने साखर झपाट्याने चढते. औषध चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने सोडू नका, आणि गोळी घेऊन उपाशीही राहू नका. प्रसाद कणभर घेतला काय नि वाटीभर घेतला काय, कृपा तेवढीच. दिवसाला मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं-पापड त्यातच धरायचं. तंबाखू आणि मशेरी तर आजच सोडा. ती तोंडाच्या कर्करोगाची वाट आहे.

औदुंबरला, वाडीला आपण अनवाणी प्रदक्षिणा घालतो. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते, खडा रुतला तरी कळत नाही. म्हणून प्रदक्षिणा झाली की तळवे नीट बघा, दिसत नसतील तर सुनेला, नातवाला बघायला सांगा. त्यात लाज कसली?

उतारवयात नमस्कार एकदम सुरू करू नयेत. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाललं तरी पुष्कळ. नाम घेत चाला, दोन्ही साधतं.

देह ही महाराजांनी आपल्याकडे ठेवलेली ठेव. ती उधळायचा हक्क आपल्याला नाही. ऐंशीव्या वर्षीही कृष्णेचा घाट आपल्या पायांनी उतरता यावा, पादुकांवर स्वतःच्या हातांनी पाणी घालता यावं, याहून मोठं व्याज ते कोणतं? या दत्तजयंतीला एक वाईट खातं बंद करा, एक चांगलं उघडा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥