काटा अडतो तेव्हा

ताटातली एक भाकरी कमी झाली, रोजचं चालणं सुरू झालं. तरी काही महिन्यांनी वजनाचा काटा एका जागी अडतो. इथेच बरेचजण चालायचे बूट कोपऱ्यात टाकतात.

खरं तर तेव्हा शरीर आपलं काम चोख करत असतं. हलक्या झालेल्या देहाला ऊर्जा कमी लागते. शिवाय तो खर्चात काटकसर करतो आणि भूक वाढवतो. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली. विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरींनी कमी निघाला. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला.

मग उमेद टिकवायची कशाच्या जोरावर?

अमेरिकेतच मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2002 साली आले. त्यातल्या एका गटाला बेताचा आहार आणि आठवड्याला 150 मिनिटांचा व्यायाम आखून दिला होता. त्यांचं वजन सरासरी साडेपाच किलोंच्या आसपासच उतरलं. तरीही या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. डॉक्टर म्हणूनच वजनाबरोबर कंबरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तातली साखरही वेळोवेळी मोजायला सांगतात.