पारख करणे पाप आहे काय?

आमच्या मंडळ्यांत एक प्रश्न अधूनमधून उठतो, आणि बहुधा तो तरुणांच्या वर्गात उठतो. कोणी एक गृहस्थ गावात येतो. समोरच्याच्या मनातले आपण ओळखतो, हरवलेली वस्तू कोठे आहे ते सांगतो, मेलेल्यांचा निरोप आणून देतो, असे तो म्हणतो. लोक त्याच्याकडे जातात व चकित होऊन परततात. कोणी शंका काढली की एक पक्ष म्हणतो, "देवाला सर्व काही शक्य आहे, शंका घेणे विश्वासणाऱ्याला शोभत नाही." दुसरा पक्ष म्हणतो, "हे सारे थोतांड, आणि तुमच्या शास्त्रातले चमत्कारही त्याच माळेचे मणी." शब्बाथ शाळेचा शिक्षक बिचारा या दोहोंच्या कात्रीत सापडतो. म्हणून या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू.

पहिली गोष्ट ही की, फसणारा मनुष्य मूर्खच असतो हा समज टाकून दिला पाहिजे. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली. मग प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे वर्णन म्हणून एक कागद दिला, आणि ते कितपत जुळते याला ५ पैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले! त्यानंतर उलगडा झाला. सर्वांच्या हाती अक्षरशः एकच मजकूर होता, आणि तो बराचसा बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. ती वाक्ये अशा थाटाची होती की कोणालाही ती आपलीच वाटावीत.

मनातले ओळखणाऱ्याचे काम पुष्कळदा असेच चालते. "तुमच्या घरातले एक वडील माणूस छातीच्या दुखण्याने गेले," असे तो म्हणतो. असे घर कोणते नाही? ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो, तोंडून नाव निसटते, आणि थोड्या वेळाने तेच नाव त्याला परत मिळते. दहा बाण सुटतात, दोन लागतात. घरी येऊन आपण शेजाऱ्यांना सांगतो ते त्या दोनांविषयी. यात मौज अशी की, बोलणाऱ्याने जाणूनबुजून लबाडी केलेली असलीच पाहिजे असे नाही. आपल्या अंगी काही शक्ती आहे असे त्यालाही मनापासून वाटत असते. प्रामाणिकपणा हा चांगुलपणाचा पुरावा होईल. खरेपणाचा पुरावा तो होत नाही.

दुःखी मनुष्याच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच नाजूक होते. शेरलॉक होम्सच्या कथा लिहिणारे सर आर्थर कॉनन डॉयल मृतात्म्यांशी बोलता येते असे मानीत. त्यांचा मुलगा १९१८ साली वारला होता. हॅरी हुदिनी हा जगप्रसिद्ध जादूगार त्यांचा मित्र. हुदिनीची आई १९१३ साली गेली, आणि ते दुःख त्याने अखेरपर्यंत उराशी बाळगले. जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटी येथे लेडी डॉयल यांनी त्याच्यासाठी त्याच्या आईचा निरोप उतरवून घेतला. पानांमागून पाने भरली. मात्र पहिल्याच पानाच्या माथ्यावर क्रूसाची खूण होती, आणि सारा मजकूर इंग्रजीत होता. हुदिनीची आई यहुदी धर्मगुरूची पत्नी होती, आणि तिला इंग्रजी धड येत नव्हते.

येथे कोणाला दोष द्यावा? लेडी डॉयल यांनी मुद्दाम फसविले असे आम्ही म्हणत नाही. आणि हुदिनी कोरडा, पाषाणहृदयी होता म्हणून त्याने तो निरोप नाकारला, असेही नाही. आईचा एक शब्द ऐकण्यासाठी त्याच्याइतका आसुसलेला मनुष्य त्या खोलीत दुसरा नव्हता. पण आईवर प्रेम होते म्हणूनच तिच्या नावावर भलताच कागद त्याने स्वीकारला नाही. कित्येकदा पारख ही प्रेमातूनच जन्मते, हे यावरून आपल्या ध्यानात यावे.

बरे, विद्वानांच्या हाती पारख सोपविली की काम झाले काय? तसेही नाही. १९७९ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अशा शक्तींच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा निघाली. एका विमान-कारखानदाराने तिला ५ लाख डॉलर दिले. प्रमुख होते पीटर फिलिप्स नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. तेथे दोन तरुण आले, आणि केवळ मनाच्या बळाने चमचे वाकवून दाखवू लागले. वस्तुतः दोघेही हातचलाखी शिकलेले होते, आणि जेम्स रँडी या जादूगाराच्या संगनमताने ते तेथे गेले होते. चमच्यांना दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या ते अदलाबदल करीत, आणि मोजमाप करणाऱ्याला वाटे की चमचा वाकला. रँडीने प्रयोगशाळेला सावधगिरीच्या सूचना आधीच पत्राने पाठविल्या होत्या. तरुणांनाही त्याने बजावले होते की, तुम्ही लबाडी करता काय असे कोणी सरळ विचारले, तर लागलीच खरे सांगावे. तसे कोणी विचारलेच नाही. पुढे नियम कडक झाले तेव्हा त्या शक्ती ओसरल्या, आणि १९८३ साली रँडीने सर्व प्रकार जाहीर केला.

रँडीची ही युक्ती आम्ही डोळे मिटून वाखाणीत नाही. भल्या माणसांचा विश्वास त्याने यात खर्ची घातला, आणि हा खर्च लहान नव्हे. तरी धडा खरा आहे. धातू, दगड, पाणी कोणाला फसवीत नाहीत, म्हणून त्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानाला फसवणूक ओळखण्याची सवय नसते. माणूस मात्र फसवितो, आणि माणसाला पारखण्याची विद्या निराळी असते.

आता एक उदाहरण आपल्याच घरातले घेऊ. पीटर पॉपॉफ हा अमेरिकेतील सुवार्तिक. हजारोंच्या सभेत तो अनोळखी माणसाचे नाव घेई, त्याचा पत्ता सांगे, आजार सांगे. हे ज्ञान प्रभू आपल्याला देतो, असे त्याचे म्हणणे होते. लोक रडत, हात वर करीत. त्याच्या सांगण्यावरून कित्येकांनी आपल्या औषधाच्या गोळ्या व्यासपीठावर फेकून दिल्या. १९८६ साली याच रँडीने व त्याच्या साथीदारांनी सभेच्या जागी रेडिओच्या लहरी टिपणारे यंत्र लावले. ३९.१७ मेगाहर्ट्झवर एक स्त्रीचा आवाज सापडला. सभेआधी लोकांनी भरून दिलेल्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांवरील माहिती सुवार्तिकाची पत्नी त्याच्या कानातील लहानशा यंत्रात सांगत होती. ते ध्वनिमुद्रण दूरदर्शनवर सर्व देशाने ऐकले. १९८७ साली पॉपॉफने दिवाळे जाहीर केले. काही वर्षांनी तो दूरदर्शनवर परत आला, आणि त्याला पुन्हा श्रोते मिळाले.

येथे नेमके काय सिद्ध झाले ते नीट पाहावे. देव आजाऱ्यांना बरे करीत नाही, असे काही त्या यंत्राने सिद्ध केले नाही. ज्याला तो प्रभूचा आवाज म्हणत होता तो त्याच्या बायकोचा आवाज होता, एवढेच सिद्ध झाले. पण हे शोधून काढण्याचे काम कोणी केले? त्या सभांना गेलेल्या पाळकांनी व वडीलजनांनी नव्हे, तर देवावर विश्वास नसलेल्या एका जादूगाराने केले. ही गोष्ट आपल्या जिवाला लागावी अशी आहे.

कारण पारख करण्याची आज्ञा शास्त्राने आपल्याला दिलेली आहे. संदेष्ट्याचे बोलणे खरे ठरले नाही तर ते परमेश्वराचे नव्हे, आणि अशा माणसाची भीती बाळगण्याचे कारण नाही, असे अनुवादाच्या १८व्या अध्यायात सांगितले आहे. प्रत्येक आत्म्यावर भरवसा न ठेवता त्याची परीक्षा करा, असे योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. बिरुयातील लोकांनी तर खुद्द पौलाचे बोलणे रोज शास्त्राशी ताडून पाहिले. लूक त्याबद्दल त्यांना दूषण देत नाही. उलट थोर मनाचे म्हणतो. आणि फिलिप्पैमधील त्या दासीचे उदाहरण पाहा. तिच्या अंगी खरोखर आत्मा होता असे शास्त्र सांगते. तरी तिच्या भविष्य सांगण्यावर पैसा कोण मिळवीत होते, हेही शास्त्र सांगितल्यावाचून राहत नाही. ती मुक्त झाली तेव्हा तिच्या धन्यांना आनंद झाला नाही. मिळकत बुडाली म्हणून त्यांनी पौलाला व सीलाला बाजारात ओढीत नेले.

म्हणून असा दावा कानी आला की तीन प्रश्न विचारावे. दावा नेमका कशाचा आहे, आणि तो पाहता येईल असा आहे काय? त्यातून लाभ कोणाचा होतो? आणि दावा फसला म्हणजे दोष कोणावर जातो? तिसरा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजारी मनुष्य बरा झाला तर शक्ती माझी, आणि न झाला तर विश्वास तुझा अपुरा, असे जेथे चालते, तेथे खाटेवर पडलेल्या माणसावर दुखण्याबरोबर अपराधाचेही ओझे लादले जाते. याहून क्रूर गोष्ट क्वचितच असेल.

आता तरुणांचा तो अवघड प्रश्न: मग येशूच्या चमत्कारांचे काय? या प्रश्नावर विद्यार्थ्याला गप्प बसवू नये. जो आज आपल्या गावात, पैसे घेऊन, शक्ती दाखवितो त्याची परीक्षा आज घेता येते, म्हणून ती घ्यावी. गतकाळातील घटना प्रयोगशाळेत पुन्हा घडवून आणता येत नाही. तिच्याविषयी साक्ष तपासावी लागते. पौलाने नेमके हेच केले. करिंथकरांना लिहिताना त्याने पाचशेहून अधिक साक्षीदारांचा उल्लेख केला, त्यांतील बहुतेक अजून हयात आहेत असे सांगितले, आणि ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट, असे आपण होऊन मान्य केले. ज्याला चौकशीची भीती वाटते तो असे लिहीत नाही. विद्यार्थ्याला ही साक्ष पुरेशी वाटो वा न वाटो, ती तपासण्याचा त्याचा हक्क आपण काढून घेऊ नये. आणि हेही त्याला दाखवावे की, नवलाईसाठी चमत्कार पाहू इच्छिणाऱ्या हेरोदापुढे प्रभू एक शब्दही बोलला नाही. प्रदर्शन हा त्याचा मार्गच नव्हता.

हा विचार केवळ परदेशाचा नव्हे. डॉ. अब्राहम कोवूर हे केरळातील मार थोमा मंडळीच्या एका धर्मगुरूचे पुत्र. त्यांनी १९६३ साली श्रीलंकेत जाहीर केले की, फसवणुकीला वाव नसेल अशा स्थितीत जो चमत्कार करून दाखवील त्याला एक लाख रुपये देऊ. १९७८ साली ते वारले. तोवर ती रक्कम कोणी जिंकली नव्हती. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी कित्येक वर्षे खटपट केली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. कर्नाटकात तसा कायदा २०१७ साली मंजूर झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडविणे हा महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे, मग अडविणारा कोणत्याही धर्माचा असो. कोवूरांची देवाविषयीची मते आमची नव्हेत. पण सत्य कोणाच्याही तोंडून आले तरी ते परमेश्वराचेच असते, आणि त्याला आपण भ्यावे असे काही नाही.

शेवटी एक गोष्ट शिक्षक बंधुभगिनींना विशेष सांगावीशी वाटते. आपल्या मंडळीतील एखादी आई, मूल गमावल्यावर, मेलेल्यांचा निरोप सांगणाऱ्याच्या दारी गेल्याचे कळले, तर तिला हसू नये, आणि चारचौघांत तिला शिकवूही नये. ती तेथे गेली याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की, तिथे कोणीतरी तिला तिच्या मुलाचे नाव विचारले. लबाडाने ते पैशासाठी विचारले असेल. पण विचारले खरे. अंत्यविधीला आपण सगळे जातो. तीन महिन्यांनी तिच्या ओट्यावर जाऊन बसणारे किती असतात? तिथे बसावे, त्या मुलाविषयी तिला बोलू द्यावे, आणि जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे सांगू नये. त्यानंतर केव्हातरी पारखीच्या दोन गोष्टी सांगितल्या, तर ती त्या ऐकून घेईल.