दुसऱ्या टोकावरचा भाऊ



सामान्य काळातील एकोणतिसाव्या रविवारच्या पहिल्या वाचनात मोशे आपल्याला टेकडीवर दिसतो. खाली यहोशवा अमालेकांशी लढत आहे. मोशेचे हात वर असले की इस्राएलची सरशी होते, हात खाली आले की अमालेकांची. पण माणसाचे हात किती वेळ वर राहणार? ते जड होतात. तेव्हा अहरोन आणि हूर त्याला एका दगडावर बसवतात आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवतात.

मोशेला सारे जग ओळखते. यहोशवाच्या नावाने तर बायबलमध्ये ग्रंथ आहे. हूरविषयी आपल्याला काय ठाऊक आहे? जवळजवळ एवढेच, की त्याने एक हात खाली येऊ दिला नाही.

अशाच एका हूरची गोष्ट आपल्या जवळच, मुंबईत घडली. साल १९४३. दुसरे महायुद्ध चालू होते. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे दगावली होती. त्या डिसेंबरमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर क्रिकेटच्या पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली. त्या काळी या स्पर्धेतील संघ धर्म आणि जमात पाहून बनत असत : युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. या चौघांत न बसणारे भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी वगैरे खेळाडू १९३७ पासून पाचव्या संघात आले. त्या संघाचे नाव होते ‘रेस्ट’, म्हणजे ‘बाकीचे’.

या बाकीच्यांमध्ये सांगलीच्या एका ख्रिस्ती घरातले दोन भाऊ होते, विजय हजारे आणि विवेक हजारे. त्याच स्पर्धेत मुस्लिम संघाविरुद्ध विजय हजारे यांनी २४८ धावा काढून संघाला बळ दिले होते. अंतिम सामन्यात मात्र हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांचा डोंगर रचला. त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावातही आघाडीचे पाच गडी स्वस्तात गेले. सामना हातचा गेलाच होता.

तेव्हा दोघे भाऊ एकत्र खेळू लागले. सहाव्या गड्यासाठी त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्यात विवेकच्या धावा किती? फक्त २१! विजय हजारे यांनी ३०९ धावा केल्या आणि संघाची एकूण धावसंख्या झाली ३८७. शंभरातल्या जवळजवळ ऐंशी धावा एकाच माणसाच्या. तरीही रेस्ट संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला.

पुढे विजय हजारे भारताचे कर्णधार झाले. १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. आजही त्यांच्या नावाने देशात एकदिवसीय स्पर्धा खेळली जाते. विवेक कसोटी सामना कधीच खेळले नाहीत. पण दुसऱ्या टोकाला ते उभे राहिले नसते, तर ३०९ धावा झाल्याच नसत्या.

आपल्या धर्मग्रामात असे किती विवेक आहेत! अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलणारी सून. यंत्रमागाच्या खडखडाटात रात्रपाळी करून धाकट्या भावाची फी भरणारा थोरला. दारू सुटावी म्हणून नवऱ्यासाठी वर्षानुवर्षे रोझरी करणारी पत्नी. मागावर धागा तुटला की गाठ मारून कापड पुढे नेणाऱ्या कामगाराचे नाव त्या कापडावर कुठेच नसते. आपल्या आयुष्यात फक्त एकवीस धावा झाल्या, असे ज्यांना वाटते, त्यांनी आज हूरकडे पाहावे. देवाच्या वहीत धावा वेगळ्या रीतीने मोजल्या जातात.

परंतु येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. मोशेचे सैन्य जिंकले. आजच्या शुभवर्तमानातील विधवेलाही शेवटी न्याय मिळाला. मग ज्यांनी न थकता प्रार्थना केली आणि तरीही ज्यांचा माणूस गेला, ज्यांचे काम सुटले, त्यांनी काय समजावे? त्यांची श्रद्धा कमी पडली, असे आपण म्हणायचे का? मुळीच नाही. प्रभू येशूने गेथसेमानी बागेत प्रार्थना केली, तरी तो प्याला टळला नाही. क्रूसाच्या वाटेनेच पुनरुत्थान आले. प्रार्थना हा देवाशी केलेला सौदा नव्हे. सामना हातचा गेलेला दिसत असतानाही पित्याच्या शेजारून न हलणे, ही प्रार्थना आहे. मात्र सोसणे म्हणजे अन्यायापुढे गप्प बसणे नव्हे. ती विधवा रोज न्यायाधीशाचे दार ठोठावत होती, हे विसरू नये.

आणखी एक सावधगिरी हवी. हे वाचन ऐकून आपण शेजाऱ्यांमध्ये अमालेक शोधू नयेत. धर्मावर संघ पाडणाऱ्या त्या स्पर्धेला गांधीजींनी १९४० मध्येच विरोध केला होता, आणि १९४६ नंतर ती बंद झाली. आपल्या भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. या शहरात आपण संख्येने ‘बाकीचे’च आहोत. म्हणूनच आपले हात फक्त आपल्या संघासाठी वर जाऊ नयेत. आजारी शेजाऱ्याला डबा नेताना त्याचा धर्म विचारायचा नसतो.

या आठवड्यात आपण एकच गोष्ट करू या. ज्याचे हात जड झाले आहेत असा एक माणूस प्रत्येकाने मनात आणावा. त्याला उपदेश करू नये. त्याच्या घरी जावे, तासभर बसावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. आणि ज्यांचे स्वतःचेच हात जड झाले आहेत, त्यांनी ते सांगायला लाजू नये. मोशेलाही दगडावर बसावे लागले होते.

सूर्य मावळेपर्यंत एकमेकांचे हात धरून ठेवण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो. आमेन.